तळ्याच्या जागी काय?

आईच्या रविवारी, म्हणजे ईस्टरआधी येणाऱ्या आयांच्या सणाला, आईने काम करायचं नसतं म्हणे. इंग्लंडातल्या आमच्या हॅडन गावात तरी अजून एकाही आईला ते जमलेलं नाही. मॉरीन सकाळी चर्चमधून डॅफोडिलचा गुच्छ घेऊन आली, तो दुधाच्या भांड्यात खोचला, कोकराची तंगडी ओव्हनमध्ये सरकवली आणि कोट न काढताच बटाटे सोलायला उभी राहिली. एक वाजता मुलगा ग्रेग, त्याची बायको टॅमसिन आणि त्यांची वीस महिन्यांची मेबल येणार होती. नणंद डॉट तर बोलावलं नसतं तरी आलीच असती.

जेवण झाल्यावर मागच्या बागेतल्या त्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठरवायचं होतं. मॉरीनच्या सासऱ्यांनी खणलेलं तळं होतं तिथे, काठाला पिवळी आयरिस, मध्ये दोन कमळाची पानं. गेल्या ऑक्टोबरात मेबल त्यावर इतकी ओणवी झाली की तिच्या केसांची टोकं भिजली. टॅमसिनने तिला एका हाताने उचलून घरात आणलं आणि घरी निघण्यासाठी शांतपणे तिचा कोट चढवला. टॅमसिन मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ती आरडाओरडा करत नाही, आणि म्हणूनच सगळे घाबरले. पुढच्याच आठवड्यात मॉरीनच्या नवऱ्याने, केनने, तळं उपसलं, माती लोटली, वर खडी पसरली. दोन दिवस तो जेवताना गप्प होता. तसा तो एरवीही काही बोलघेवडा नाही, पण बायकोला फरक कळतोच ना.

आता खरी गोष्ट सांगते. मॉरीनला तळ्याचं, कारंज्याचं, कशाचंच काही पडलेलं नव्हतं. तिला मेबल हवी होती. ईस्टरनंतर टॅमसिन कामावर रुजू होणार होती, आणि आठवड्यातले तीन दिवस पोरीला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. मॉरीन ग्रेगला एकदा म्हणाली होती, "आम्ही आहोतच की, लागलं तर." त्यावर ग्रेग "हो, बघू" म्हणाला होता. संपलं! त्यानंतर कुणी त्याचा विषय काढला नाही. बागेत धोका नाही हे एकदा टॅमसिनला पटलं की ती आपणहून विचारेल, असं मॉरीन धरून चालली होती. आपण होऊन विचारायचं म्हणजे गळ्यात पडल्यासारखं. ते काही त्यांच्याकडे कुणी करत नाही.

डॉट आली ती टॅक्सीवाल्याच्या कडेवर एक दगडी सिंह देऊनच. ऐंशीची बाई, अंगाने भारदस्त, जिभेने त्याहून.

"ठेव इथे, कपाटावर नको, टेबलावरच ठेव!" तिने टॅक्सीवाल्याला पिटाळलं आणि टोपी काढली. "केन, बघ काय आणलंय. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला. भिंतीला ठोकायचा, तोंडातून पाणी. खाली टाकी मांडायची. नाक जरा गेलंय, पण माझं तरी कुठे जागेवर आहे?"

दगडी सिंह मिंट सॉसच्या वाडग्याशेजारी तोंड वासून बसला. मेबलने त्याच्या तोंडात वाटाणे भरायला सुरुवात केली.

"छान आहे," मॉरीन म्हणाली. सिंह तिला अजिबात आवडला नव्हता.

"आत्या, टाकी केवढी?" ग्रेगने विचारलं.

"टाकीएवढी टाकी. एवढीशी!" डॉटने हात पसरले. मेबल त्यात आडवी मावली असती.

ग्रेगने घाईघाईने मोबाईल पुढे केला. "बाबा, हे बघा. तरंगतं कारंजं. उन्हावर चालतं, वायर नाही, खर्च नाही. एका पसरट भांड्यात सोडून द्यायचं."

"ऊन?" केनने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नेहमीसारखंच करडं आभाळ होतं. "म्हणजे जुलैत दोन दिवस चालेल."

"आणि भांड्यात पाणी किती?" टॅमसिनने मेबलचं तोंड पुसत विचारलं.

"काही नाही गं, चार इंच."

"दोन इंच पुरतं, ग्रेग. पालथं पडलेल्या मुलाला दोन इंच पुरतं. आवाजसुद्धा होत नाही."

अशा वेळी एखादं माणूस गप्प बसलं असतं. पण डॉटला गप्प बसणं हा स्वतःचा अपमान वाटतो.

"काय बाई तुमचं आजकालचं! आमच्या घरात त्या तळ्यात न पडलेला एक माणूस दाखव. केन तर लग्नाच्या सुटात पडला होता. फोटो काढायला मागे मागे सरकला आणि गेला! मॉरीन, आठवतं? खिशातून आयरिसचं पान निघालं होतं."

"फोटोग्राफरसुद्धा हसून हसून बसला होता खाली," केनला राहवलं नाही.

"आणि मी, परीक्षेच्या दिवशी! गणवेशात!" ग्रेगही सामील झाला. "आईने केस सुकवायच्या यंत्राने माझी चड्डी सुकवली होती."

सगळे खो खो हसायला लागले. मॉरीनसुद्धा हसली, कारण चड्डीची गोष्ट खरंच मजेशीर होती. हसता हसता तिचं लक्ष सुनेकडे गेलं. टॅमसिन ताटातल्या गाजराचे तुकडे करत होती, आणि त्या तुकड्यांचेही तुकडे. गेले हातातून आपले तीन दिवस, असं तिला वाटलं.

"तुम्ही सगळे मिळून ठरवाल ते," ती म्हणाली आणि उगाचच बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. "मला काय, काहीही चालेल."

टॅमसिनला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण ही तळ्याची गोष्ट आली की ती अजूनही पाहुणी व्हायची. ही माणसं तिला वाईट वाटत नव्हती. केन तर तिला स्वतःच्या वडिलांहून आवडायचा. फक्त हे हसणं. वॉर्डात तिने जे पाहिलं होतं ते या टेबलावर सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि न सांगता भीती दाखवली की आपण नाजूक ठरतो, हे तिला माहीत होतं. म्हणून ती गाजर चिरत बसायची.

आणि मॉरीन! मॉरीनचं तर काही कळायचंच नाही. सिंह छान, कारंजं छान, काहीही चालेल. या बाईला नेमकं काय हवंय?

बदामाच्या गोळ्यांचा केक कापणार एवढ्यात मेबल खिडकीशी उभी राहून काचेवर दोन्ही हात बडवायला लागली. "उडी! उडी!"

सगळे उठून बघायला गेले. जिथे तळं होतं त्या खडीवर बेडूक बसले होते. एक-दोन नव्हे, चांगले वीस-पंचवीस. काही एकट्याने, काही एकमेकांच्या पाठीवर. दरवर्षी मार्चमध्ये जन्मल्या पाण्याकडे परत यायची त्यांची रीत. आले, आणि बघतात तर खडी! बसले मग तिथेच, रांगेत ताटकळल्यासारखे.

"अरेरे," मॉरीन म्हणाली. "बिचारे."

"केन कुठाय?" डॉटने विचारलं.

केन मागच्या दाराने कधीच सटकला होता. हातात बादली, पाठ वाकवून, चोरासारखा. टॅमसिनने ते पाहिलं. तिने मेबलला ग्रेगच्या हातात दिलं आणि त्याच्या मागोमाग गेली.

आता या केनचं काय करावं! पासष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, शब्दाचा पक्का. ऑक्टोबरात त्याने सुनेला सांगितलं होतं, "या बागेत आता उघड्या पाण्याचा थेंब राहणार नाही." मनापासून सांगितलं होतं. पण गेल्या आठवड्यात पहिला बेडूक आला आणि खडीवर बसून त्याच्याकडे बघत राहिला. केनला त्याची नजर सहन झाली नाही. त्याने शेडमागे आईचा जुना पत्र्याचा आंघोळीचा टब ठेवला आणि पाण्याने भरला. एका रात्रीपुरता, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टबात सहा बेडूक होते आणि साबुदाण्यासारख्या अंड्यांचा एक गोळा. आता सांगा, अंडी घातल्यावर कोण हाकलतं?

बादलीतले बेडूक टबात सोडून तो वळला, तर मागे टॅमसिन उभी. टब काठोकाठ भरलेला. झाकण नाही, जाळी नाही, मेबलच्या कमरेएवढी उंची.

"टॅमसिन, मी सांगणारच होतो..."

"कधी?"

टॅमसिन वळून घराकडे चालू लागली. दारातच तिने सांगितलं, "ग्रेग, मेबलचा कोट आण."

मॉरीनने हातातली केकची सुरी खाली ठेवली.

"अगं, टब आहे तो, समुद्र नाही," डॉट मागून म्हणाली. "आम्ही नाही का सगळे..."

"आत्या, पुरे!"

टॅमसिनचा आवाज त्या घरात पहिल्यांदाच चढला होता.

"तुम्ही सगळे पडलात आणि सगळे बाहेर आलात. माहितेय मला. मला पाठ झालीय ती गोष्ट. पण जे बाहेर येत नाहीत त्यांच्या आयांजवळ मी बसते, आत्या. त्या गोष्टी मी इथे सांगत नाही, कारण सांगितल्या तर तुमचा केक तुमच्या घशाखाली उतरणार नाही. पाण्याचं सोडा. तुम्ही हसता ना, त्याची मला भीती वाटते. उद्या मेबल पडेल आणि पहिली दोन मिनिटं कुणीतरी हसत असेल."

ग्रेग कोट हातात धरून नुसता उभा. आणि डॉट, जिला आजवर कुणी गप्प केलं नव्हतं, ती खुर्चीत टेकली.

डॉटला लाज वाटली. तिला लाज वाटण्याची सवय नव्हती, त्यामुळे आधी तिला वाटलं की कोकराचं मांस बाधलं. मग कळलं. पोर बरोबर बोलत होती. आपण सगळ्यांनी मिळून तिला सहा वर्षं हसून गप्प बसवलं होतं.

"केन!" ती ओरडली. "इकडे ये, गाढवा. तो टब जाळीने झाक, आत्ताच्या आत्ता. आणि प्रायर फार्मच्या माणसाला फोन कर, त्याचं तळं कुंपणात आहे, तिथे ने तुझं हे बेडकांचं खटलं. आणि मग या मुलीला दाखव, तू दोन महिने शेडमध्ये काय ठोकत बसलायस ते."

"ते अजून पूर्ण नाही..."

"कशाला पूर्ण व्हायला पाहिजे? मी काय मरेपर्यंत थांबू? माझा सिंह राहू दे बाजूला. नाक नसलेल्या जनावराचं कौतुक पुरे झालं."

टब झाकून झाल्यावर केनने शेड उघडलं. आतल्या मातीच्या जमिनीतच त्याने खड्डा करून पिंप पुरलं होतं. वर लोखंडी जाळी, बांधकामाच्या सळयांची, जाड. जाळीवर नदीतले गोटे, आणि मधोमध भोक पाडलेला एक गोल दगड.

"पाणी सगळं खाली पिंपात," केन मान खाली घालून सांगत होता. "पंप दगडातून वर ढकलतो, ते गोट्यांवरून वाहून परत खाली जातं. वर साचत नाही. मांजराच्या जिभेएवढंही नाही. पंप बारा व्होल्टचा, बाजारात जुना मिळाला. बाकी सगळं घरातलंच. बागेत मांडायच्या आधी चालतं का ते बघत होतो."

"चालू कर," टॅमसिन म्हणाली.

दगडातून पाणी बुडबुडत वर आलं, पालथ्या वाटीसारखं फुगलं आणि गोट्यांवर सांडून नाहीसं झालं. आवाज छान होता. मेबल ग्रेगच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करून धडपडायला लागली.

टॅमसिन मात्र गुडघ्यांवर बसली. तिने गोटे बाजूला सारले, जाळी दोन्ही हातांनी हलवली, कडेची फट बोटांनी मोजली. "ही सुटलीय इथे. पाय अडकेल."

"वेल्डिंग करतो."

"हे बारीक गोटे काढायचे. हिच्या मुठीहून लहान एकही नको. ही दिसेल ते तोंडात घालते. वाटाणे बघितलेत ना?"

"मोठे आणतो. आजच आणतो."

"आणि जाळी वजन पेलते हे कशावरून?"

"हाच तो प्रश्न!" डॉट म्हणाली. कुणी अडवायच्या आत तिने आपला रविवारचा बूट गोट्यांवर ठेवला आणि दुसरा त्याच्या शेजारी.

"आत्या! उतर!" ग्रेग ओरडला.

"का उतरू? माझं वजन या घरात कुणीच विचारत नाही, पण सगळ्यांना अंदाज आहे. मी पेलले गेले तर मेबल म्हणजे..."

जाळी हलली नाही. पण डॉट नेमकी दगडावरच सरकली होती, आणि अडवलेलं पाणी मिळेल त्या वाटेने निघालं. आधी बाजूने सुटलं, मग सरळ वर, डॉटच्या चर्चला घालायच्या स्कर्टमध्ये.

"अगं आई गं! केन! बंद कर! गारठलं! अरे मेल्या, बंद कर!"

केनने भीतीपोटी बटण उलटं फिरवलं आणि पाणी दुप्पट उसळलं. डॉट दोन्ही हातांनी स्कर्ट धरून जागच्या जागी पावलं टाकत होती, आणि जाळी जागची हलत नव्हती. मेबल किंचाळत हसत होती. बाकीचे सगळे तोंडं घट्ट मिटून टॅमसिनकडे बघत होते. हसायची आज कुणाची प्राज्ञा नव्हती.

आणि मग टॅमसिनलाच फुटलं. शेडच्या दाराला टेकून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं नुसत्या हसण्याचं नसावं. मग काय, सगळेच सुटले. डॉटसुद्धा, भिजलेली, थरथरणारी, म्हणाली, "नर्सबाई, परीक्षा पास का?"

"पास," टॅमसिन म्हणाली. "मॉरीन, आत्याला टॉवेल द्या. आणि हेच बसवा तळ्याच्या जागी. मोठ्या गोट्यांसकट."

मॉरीनने टॉवेल आणला, डॉटला ओव्हनजवळ बसवलं, केक वाढला. केन आणि ग्रेग बादल्या घेऊन फार्मकडे निघाले. ठरलं होतं, सगळं मनासारखं ठरलं होतं. आता टॅमसिन विचारेल. चहा ओतताना मॉरीनचे कान तिकडेच लागले होते.

"छान होईल," टॅमसिन मेबलला केक भरवत म्हणाली. "आम्ही रविवारी आलो की हिला खेळायला मजा येईल."

रविवारी! मॉरीनच्या हातातली किटली बशीवर आदळली.

"आणि बाकीचे दिवस?" तिने विचारलं. विचारलं खरं, पण आवाज स्वतःचाच तिला ओळखू आला नाही.

"पाळणाघरात जागा मिळालीय. उद्या होकार कळवायचाय. बरं आहे ते."

मॉरीन सिंकपाशी गेली. तिने नळ सोडला, बंद केला. चाळीस वर्षं ती अशा वेळी "बरं झालं" म्हणत आली होती. सासूला म्हणाली, नवऱ्याला म्हणाली, ग्रेग काही वर्षं लंडनला राहायला गेला तेव्हा त्यालाही म्हणाली, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. ती वळली.

"मला नाही बरं वाटलं."

डॉटने टॉवेलमधून डोकं वर काढलं.

"मला ती हवीय," मॉरीन म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. मला मेबल हवीय, टॅमसिन. दगड नको, पाणी नको, सिंह तर मुळीच नको. डॉट, माफ कर. टॅमसिन, सगळ्या बागेवर सिमेंट ओत म्हणालीस तर केन ओतेल. पण ती पाळणाघरात गेली तर मी इथे दिवसभर काय करू?"

टॅमसिन तिच्याकडे बघतच राहिली. "पण तुम्हीच तर म्हणाला होतात, लागलं तर."

"हो."

"ग्रेग म्हणाला, आई नाही म्हणणार नाही, पण तिला झेपणार नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही शिष्टाचार म्हणून म्हणताय. म्हणून पाळणाघर शोधलं, तुमच्यावर ओझं नको म्हणून." तिने कपाळावर हात मारला. "देवा! मी तुम्हाला विचारायला किती वेळा आले माहितेय? तुम्ही प्रत्येक वेळी काहीही चालेल म्हणता!"

"आणि मी तू विचारशील म्हणून वाट बघत बसले. हे तळं बुजवलं, हा एवढा खटाटोप केला..."

"मूर्ख आहात दोघी," डॉट टॉवेलमधून म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, पण ते तिने कुणाला दाखवलं नसतं.

टॅमसिन उठली. तिने मेबलला उचललं, केकने माखलेली तशीच, आणि सासूच्या कडेवर दिली. मेबलने लगेच मॉरीनचा चष्मा ओढला.

"ईस्टरनंतरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेसातला आणते. चालेल?"

"नाही," मॉरीन म्हणाली आणि नातीला घट्ट धरलं. "सातला आण."